शब्दचर्चा : प्रदूषण करणाऱ्याला ‘दंड’ की ‘शास्ती’?

प्रश्न : कारखान्यावर पर्यावरण कायद्याखाली कारवाई झाली की बातमीत कधी ‘गुन्हा’ येतो, कधी ‘दंड’. सरकारी कागदावर ‘शास्ती’ असते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

प्रतिसाद : चालत नाहीत. फौजदारी कायद्यात दंड ही शिक्षा आहे. अपराध शाबित झाल्यावर न्यायालय ती ठोठावतं. शास्ती अधिकारी लावतो, त्यासाठी कुणी गुन्हेगार ठरावा लागत नाही. पिंपरी-चिंचवडकरांना अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकरामुळे हा शब्द चांगलाच ठाऊक आहे.

पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ च्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ते बदललं आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपये शास्ती आहे. ती भरली नाही तरच कैदेचा प्रश्न येतो. म्हणजे या कलमाखालच्या बातमीत आज ‘दंड’ लिहिणं चूक आहे, आणि वाचकाला वाटतं की खटला चालून अपराध शाबित झालाय. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात पंधरा लाख हा किरकोळ खर्च. तुरुंगाची भीती काढून घेतली, हे मला गंभीर वाटतं.

दुसरा प्रतिसाद : अर्थ मान्य, पण फौजदारीवर एवढा भरवसा कशासाठी? भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ ची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोप सौम्य करून भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) वर आणले. बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्यालाही हेच कलम लागायचं. निकाल जून २०१० मध्ये, शिक्षा दोन वर्षं. नदी वाचवायची तर आधी कारखाना बंद करण्याचा आदेश हवा, वीज-पाणी तोडायला हवं. ते अधिकार कायद्यात आहेत आणि त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

पहिला प्रतिसादक : बंदचा आदेश आधी, हे पटलं. पण भोपाळमध्ये कलमच तोकडं पडलं, त्यावरून फौजदारी सोडून द्यावी असं निघत नाही. कलमं अजूनही तोकडीच आहेत. हवा आरोग्याला घातक करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० खाली जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड! वाघाच्या शिकारीला मात्र किमान तीन वर्षं कैद आहे. तिथे ‘गुन्हा’ हा शब्द पूर्ण वजनाने वापरता येतो.

नद्यांसाठी १९७४ चा जल कायदा वेगळा. त्यातही २०२४ साली कैदेऐवजी शास्ती आणणारी दुरुस्ती झाली, पण राज्याने ठराव करून स्वीकारली तरच ती तिथे लागू होते. म्हणून नदीच्या बातमीत कायदा आणि कलम पाहूनच शब्द निवडावा.

क्रियापदांचं म्हणाल तर दंड ‘करतात’ किंवा ‘ठोठावतात’, शास्ती ‘लावतात’. ‘शास्ती ठोठावली’ हे मी टाळतो.