ईदसाठी क्रोशाची टोपी

ताई, रोजे सांभाळून मुलांकडून ईदसाठी हाताने काय करून घेता येईल, असं तुम्ही विचारलंत. माझं मत क्रोशाच्या टोपीला. आमच्या भुसावळच्या घरी अम्मी शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, पांढरा सुती दोरा आणून ठेवते. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाली की असरपर्यंत, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजेपर्यंत, ऊन बाहेर पडू देत नाही, चूलही बंद असते. विणायची वेळ तीच.

सुरुवात टाळूच्या मध्यापासून. साखळीचे पाच-सहा टाके जोडून कडं करायचं, मग प्रत्येक फेरीत टाके वाढवत जायचं. चकती सपाट राहिली पाहिजे. कडेला झालर आली तर टाके जास्त वाढलेत, वाटीसारखी झाली तर कमी पडलेत. माथ्याएवढी झाली की वाढवणं थांबवा, कड आपोआप खाली वळते. शेवटी साबुदाण्याची खळ देऊन मापाच्या पालथ्या पातेल्यावर चढवून वाळवायची.

लहानांना टाके जमत नाहीत, त्यांनी ईदीची, म्हणजे ईदला लहानांना द्यायच्या पैशांची, पाकिटं चिकटवावीत. शेवयांचं यंत्र फिरवायलाही तेच हवेत! खाटेवर धुतलेली साडी अंथरून टाकलेल्या शेवया इथल्या उन्हात लवकर कडक होतात. शीरखुर्म्याला बारीकच काढा.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१९ मध्ये रोजे मे महिन्यात होते, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चात, त्यामुळे पोरं आता जरा तरतरीत असतात. तरी पहिला रोजा धरलेल्या पोराला त्या दिवशी कामाला बसवू नका, झोपू द्या. आणि फितरा, म्हणजे गरिबांना द्यायचं दान, ईदच्या नमाजेआधी पोचवायचा असतो, त्याची पाकिटं आधी करून घ्या.