नवरात्राचे उपास आणि रिकाम्या पोटी सिंहगड: फायदा की नसता उद्योग?

डोंगरवेडा: यंदा नऊ उपास धरतोय आणि रोज सकाळी काही न खाता आतकरवाडीतून सिंहगड पळत चढायचा प्लॅन आहे. ग्रुपवाले अंगावर आलेत, चक्कर येऊन पडशील म्हणे. पण रात्री जेवून बारा तास झाले की इन्शुलिन खाली आलेलं असतं, शरीर चरबी काढायला लागलेलं असतं, तेव्हाच घाम गाळला तर जास्त जळणार ना? उगाच घाबरवू नका, मुद्द्याचं बोला.

मेतकूटभात: बोलते की. त्या तासाभरात चरबी जास्त जळते हे खरंय, पण उरलेले तेवीस तास कुठे गेले? २०१४ मध्ये शोनफेल्ड नावाच्या संशोधकाच्या टीमने २० तरुणींवर प्रयोग केलेला, काहींनी उपाशीपोटी कार्डिओ केला, काहींनी खाऊन, डाएट दोन्हीकडे कमी कॅलरीचंच. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत चरबी सारखीच उतरली. आणि तुझा उपास म्हणजे दुपारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, वर तूप, बटाटा. कसला उपास डोंबलाचा!

डोंगरवेडा: खिचडी दुपारी, गड सकाळी. आणि वीसच जणी? बास्केटबॉलवाला हकीम ओलाजुवान रोजे ठेवून अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळायचा, दिवसा पाण्याचा थेंब नाही, तरी फेब्रुवारी १९९५ मध्ये रमजान चालू असताना प्लेअर ऑफ द मंथ झाला.

सायकलकाका: अरे तो ओलाजुवान, तू आयटीवाला. लिव्हरमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, असतं जेमतेम १०० ग्रॅम, त्यातलं बरंचसं रात्रीत मेंदू वगैरेच खाऊन टाकतात. पायांच्या स्नायूंत भरपूर असतं पण ते रक्तात परत सोडायचं एन्झाइमच स्नायूंकडे नाही, जिथलं तिथंच संपवायचं. म्हणून कधीकधी पाय चालत असतात आणि डोकं गरगरतं, हात थरथरतात, घाम गार लागतो. बोलता येईल अशा दमाने चढ, चरबीवर आरामात जाशील. पळायला लागलास की ग्लुकोज लागणारच, चरबीतून एनर्जी तेवढ्या वेगाने निघत नाही.

भगर_आमटी: काका, एका रात्रीच्या उपाशीपणाने पायातला साठा फारसा हलत नाही, पहिल्या दिवशी हा पळेलही मस्त. प्रश्न पुढच्या दिवसांचा, रोज रिकामं करायचं आणि भरायचं नाही तर चौथ्या-पाचव्या दिवशी मांड्या दगड होतात. म्हणून ताई, साबुदाण्याला नावं ठेवू नका, निव्वळ स्टार्च आहे तो, ह्याचा साठा तोच भरणार. कमी पडेल ते प्रोटीन, तेव्हा दूध-दही घे.

मेतकूटभात: म्हणजे शेवटी खायचंच ना! मग सकाळी एक केळं खाऊन गेला तर देवी रागावणारे का?

डोंगरवेडा: मागच्या वर्षी तीन दिवसांत दोन किलो उतरलेलं त्याचं काय मग?

सायकलकाका: पाणी रे. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा गेला की तेही जातं, दसऱ्याला श्रीखंड-पुरी हाणलीस की परत. ऑक्टोबरच्या उन्हात निर्जळी मात्र करू नकोस, लिंबूपाणी ठेव, सैंधव घालून, ते उपासाला चालतं. आणि ग्रुपमध्ये कुणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिनवर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याला ह्या फंदात ओढू नकोस, त्याची शुगर खरंच धाडकन पडू शकते.

डोंगरवेडा: पाणी घेतो, सैंधव घेतो. पळणार मात्र आहेच, केळं खाली उतरल्यावर.

भगर_आमटी: मग निदान खिशात खजूर ठेव, आणि एकटा जाऊ नकोस.