मदत हवी आहे: पेंडेरेत्स्कींच्या लेखात ‘क्वार्टर टोन’ला काय म्हणावं?

पोलिश संगीतकार क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की (१९३३–२०२०) यांच्यावर मराठी लेख लिहितोय. गावांच्या नावांचे उच्चार पोलिशनुसार ठरवलेत: देंबित्सा (त्यांचं जन्मगाव), क्राकुफ. १९७० च्या दशकात ते पारंपरिक शैलीकडे वळले, तेही लिहून झालं. अडलंय १९६० च्या ‘थ्रेनडी’ (हिरोशिमाच्या बळींसाठीचं शोकगीत) या रचनेपाशी. ५२ तंतुवाद्यं (२४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो, ८ डबल बेस) पाव-पाव स्वराच्या अंतरानं (म्हणजेच क्वार्टर टोननं) एकदम वाजतात. अशा एकदम वाजणाऱ्या लगतच्या स्वरांच्या गटाला, म्हणजे क्लस्टरला, ‘स्वरपुंज’ चाललं.

क्वार्टर टोनला ‘श्रुती’ लिहून पाहिलं, पण आपल्या सप्तकातल्या २२ श्रुती (सूक्ष्म स्वरांतरं) समान अंतराच्या नसतात. इथे सप्तकाचे २४ सारखे भाग, प्रत्येकी ५० सेंट (स्वरांतर मोजायचं एकक, सप्तकात १२००). ‘पाव स्वर’ वाचून एकाला स्वराचा कालावधीच वाटला! तळटीप देता येणार नाही आणि वाचक हिंदुस्थानी संगीताचे आहेत. मग ‘अर्ध्या स्वराचा अर्धा’ असं लांबलचक लिहू, की एखादा रुळलेला शब्द आहे?