साझ मिळत नसेल तर

घरी बिअर बनवणाऱ्या एकाने विचारलंय की पिल्सनरसाठी (फिकट, कडवटसर चेक धाटणीची बिअर) साझ हॉप्स मिळत नाहीत, माउंट हूड चालेल का. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुलं; साझ हे त्यांचं चेक वाण. चालेल की! फक्त माउंट हूड आणि लिबर्टी ही दोन्ही अमेरिकन वाणं हालरटाउ मिटेलफ्रू या जुन्या जर्मन वाणाच्या वंशातली, त्यामुळे गंध सौम्य, फुलांचा येतो. माझ्या मते ती म्युनिकच्या हेलेसला (तिथली सौम्य, फिकट बिअर) जास्त शोभतात. साझसारखा मसालेदारपणा हवा असेल तर स्टर्लिंग हे वाण बघा, त्याच्या पूर्वजांत साझ आहे. मात्र त्यात अल्फा आम्ल (कडवटपणा यातूनच येतो) साझच्या जवळपास दुप्पट, तेव्हा हात आखडता घ्या.

‘सगळे हॉप्स नोबलच (साझसारखी युरोपातली जुनी सुगंधी वाणं) हवेत’ हे मला पटत नाही. २० लिटरला ३५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) इतका कडवटपणा फक्त साझने आणायचा तर ८५-९० ग्रॅम उकळावे लागतात; मॅग्नम हे जास्त कडवट वाण २५ ग्रॅममध्ये तेच काम स्वच्छ करतं. महागाचा साझ उकळीच्या शेवटच्या १०-१५ मिनिटांसाठी, गंधासाठी ठेवा.

आणि वाणापेक्षा ताजेपणा बघा, विशेषतः आपल्या सोलापुरात. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेलं पाकीट उघडलं की हॉप्सच्या दोन-चार दाबीव गोळ्या बोटांत चुरडून हुंगा. ताज्या हॉप्सना हिरवा, गवती वास येतो. जुन्या चीजसारखा आला तर ते सरळ टाकून द्या. म्हणून हॉप्स हिवाळ्यातच मागवावेत, हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत.

पाणी बोअरचं वापरत असाल तर आधी आरओ करा. पिल्सनर जिथली, त्या चेक शहराचं, पिल्झेनचं पाणी अगदी मृदू आहे, आपल्या जड पाण्यात कडवटपणा घशाला टोचतो.