चालू लिनक्सला दुसरी डिस्क लावताय तर मिररच करा (बॅकअपवाले या भांडायला)

उद्यमनगरवाला
भावांनो, मत मांडायलोय, पटलं नाही तर बिनधास्त बोला. आमच्या पॅटर्नच्या (ओतकामाचे नमुने) वर्कशॉपात एक डेबियनची (लिनक्सचाच एक प्रकार) पेटी हाय, त्यावर सांबा (नेटवर्कवर फाइली वाटणारा प्रोग्रॅम), सगळी ड्रॉइंगं तिथंच, सहा जण दिवसभर त्यातनंच उघडतात. गेल्या वर्षी सकाळी अकराला डिस्क गेली. रात्रीचा आरसिंकचा (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) बॅकअप होता, एक फाइल गेली नाही, पण नवी डिस्क आणा, डेबियन टाका, सांबाचे युजर परत बनवा, परमिशन लावा, यात संध्याकाळचे सात वाजले आणि फाउंड्रीवाला दारात उभा राहून नुसता बघत होता. म्हणून आता चालू सिस्टिमलाच दुसरी 1 टीबी लावून रेड-1 करणार, म्हणजेच मिरर, दोन्ही डिस्कवर एकदम तेच लिहिलं जातंय. त्यासाठी जुनी डिस्क आधी पुसायला लागत नाही. एमडीएडीएमनं (लिनक्सचं मिरर बनवायचं टूल) दोन डिस्कचा मिरर बनवायचा, एक नवी डिस्क द्यायची आणि दुसरीच्या जागी 'मिसिंग' लिहायचं, की एकाच डिस्कवर लंगडा मिरर चालू होतो. त्यावर एक्स्ट-4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) करून सगळं आरसिंकनं ओढायचं, एफएसटॅबमधले (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं त्याची यादी) यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख नंबर) बदलायचे, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) नवं करायचं, ग्रब (लिनक्स बूट करणारा प्रोग्रॅम) टाकायचा, त्यावरनं बूट झालं की मगच जुनी डिस्क मिररमध्ये ॲड करायची. दुसरी डिस्क घ्यायची आणि ती नुसती रात्रीच्या कॉपीला ठेवायची म्हणजे स्टेपनी घरात ठेवून आंबा घाट उतरणं.

तांबडा पांढरा
विषय हार्ड! पण डिस्कसुद्धा हार्डच असती आणि पाण्यात बुडली की दोन्ही एकदमच बुडत्यात. 2019 च्या ऑगस्टच्या पुरात आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्याला होतं, राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं, आमच्या मशीनमध्ये मिरर होता, दोन डिस्क एकाखाली एक बसवलेल्या, दोन्हीत सारखाच चिखल. वाचलं ते फक्त पाहुण्यांकडं राजारामपुरीत ठेवलेल्या यूएसबी डिस्कवरचं. आणि पूर सोड, पोरानं फोल्डर डिलीट केलं तर मिरर तेच दुसऱ्या डिस्कवर त्याच क्षणी इमानदारीत डिलीट करतो. तुझ्याकडं एकच जादा डिस्क असंल तर ती बॅकअपला, मिरर हे पोट भरल्यावरचं पान.

उद्यमनगरवाला
दादा, मिरर म्हणजे बॅकअप असं मी म्हटलंच कुठं? बॅकअप असून माझा अख्खा दिवस गेला, हे दुखणं हाय. तुमची यूएसबी डिस्क माझं सकाळी अकराचं काम करून देणार हाय का?

रंकाळ्याचा वारा
दोघंबी बरोबर, मिसळ खाऊन या.

बावड्यातला पोरगा
मुळात 2 डिस्कसाठी एमडीएडीएम कशाला काका? बीटीआरएफएस (मिररची सोय आतच असलेली फाइलसिस्टिम) असतं तर डिव्हाइस ॲड आणि मग डेटा-मेटाडेटा दोन्ही रेड-1 ला कन्व्हर्ट करणारा बॅलन्स, दोन कमांड, रीबूटसुद्धा नाही, चालू असतानाच होतंय. आणि मुख्य म्हणजे चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा. एमडीच्या (एमडीएडीएमनं बनवलेल्या मिररच्या) दोन डिस्कवर एकाच ब्लॉकमध्ये वेगवेगळं निघालं तर खरं कुठलं हे त्याला कळतच नाही, तो महिन्याचं चेकिंग करून नुसता फरकाचा आकडा दाखवतो. बीटीआरएफएस खराब कॉपी ओळखतं आणि चांगलीवरनं दुरुस्त करतं.

जुना ॲडमिन
चेकसमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यांची पेटी एक्स्ट-4 वर आहे, तिथेच्या तिथे कन्व्हर्ट करायचं टूल आहे खरं, धंद्याच्या डेटावर मी ते चालवणार नाही. दुसरं, बीटीआरएफएसमधली एक डिस्क मेल्यावर रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) माउंट होत नाही, 'डिग्रेडेड' ऑप्शन हाताने द्यावा लागतो. म्हणजे सकाळी अकराला डिस्क गेली, मशीन बंद केलं, चालू केलं, तर काळ्या स्क्रीनवर अडकलात. ज्या माणसाला फक्त काम थांबायला नको आहे त्याला एमडी बरं, ते एका डिस्कवर मुकाट उठतं. उद्यमनगरवाले, एक सांगतो, करून झाल्यावर एकेका डिस्कची केबल काढून बूट करून बघा. ते बघितल्याशिवाय मिरर झाला असं समजू नका.

उद्यमनगरवाला
सोमवारी वर्कशॉप बंद असतंय, तेव्हा केलं. सगळं ठरल्यासारखं झालं, सिंक (नवीवरचं जुनीवर उतरणं) बघत बसलो, सुरवातीला सेकंदाला 170 एमबी दाखवत होतं, शेवटी शेवटी 85 वर आलं (डिस्कच्या आतल्या ट्रॅकवर वेग कमीच मिळतो, घाबरू नका), सव्वादोन तासांत दोन्ही डिस्क मिररमध्ये चालू. मग ॲडमिनकाकांचं ऐकून नवी डिस्क काढली, जुनीवरनं बूटच नाही! जुनी डिस्क मिररमध्ये घालायच्या आधी मीच नव्यासारखी पार्टिशनं पाडलेली, त्यात तिच्यावरचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली असतात ते) रिकामंच राहिलं, ते मिररमध्ये नसतंय, वेगळंच भरायला लागतंय. नवीवरनं उठवून ते भरलं, परत नवी काढून चालू केलं, तर दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड. कारण एफएसटॅबमध्ये ईएफआय आणि स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) दोन्हीला काढलेल्या डिस्कचेच यूयूआयडी, सिस्टिमडी (बूट होताना सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) त्यांची वाट बघत बसलं. दोन्हींना 'नोफेल' (सापडलं नाही तरी पुढं जा) लावलं, मग उठली. केबल काढून बघितली नसती तर ही फजिती ऐन कामाच्या दिवशी झाली असती. तरीपण मत तेच, मिररच पाहिजे.

तांबडा पांढरा
म्हणजे हा सोमवार यात गेला, मागं एक दिवस डिस्क गेल्यामुळं गेला. हिशेब बरोबरीत की रं भावा. बरं, रात्रीचा आरसिंक कुठं जातोय आता?

उद्यमनगरवाला
...त्याच पेटीत, दुसऱ्या फोल्डरला.

तांबडा पांढरा
🙏

जुना ॲडमिन
अहो मग ते आजच बदला. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या एकाच लॉटमधल्या असतील तर त्या जवळजवळ एकदम जाण्याचीही शक्यता असते. एक गेल्यावर नवी घालून सिंक चालू केलं की उरलेल्या डिस्कवर सलग वाचायचा भार येतो, आणि नेमकी तेव्हाच तीही टेकते.

उद्यमनगरवाला
लॉट वेगळा हाय, एक गेल्या वर्षीची, एक आत्ताची. तिसरी डिस्क सांगतो, ती घरी ठेवीन, घर साने गुरुजी वसाहतीत.

बावड्यातला पोरगा
काका एक विचारायचं होतं, माझ्याकडं जुनी डिस्क नवीपेक्षा कायतरी 20-25 एमबीनं बारकी निघाली, दोन्हीवर 1 टीबीच लिहिलंय. जुनी ॲड करायला गेलो तर लहान हाय म्हणून घेतच नाही. आता काय?

उद्यमनगरवाला
आधी पार्टिशनच शंभरएक एमबीनं कमी पाडायचं होतं रं. आता फाइलसिस्टिम थोडी आकसून मग ॲरेचा (म्हणजे मिररचा) साइज कमी कर, क्रम चुकवू नकोस, आधी फाइलसिस्टिम. आणि रूट असंल तर लाइव्ह यूएसबीवरनं, चालू असताना एक्स्ट-4 आकसत नाही.

तांबडा पांढरा
आणि त्याच्या आधी बॅकअप घे.