उसाच्या ट्रॉल्या रात्री दिसत नाहीत, 150 सीसीला हेडलाईट कुठली करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वायरिंगमधल्या जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा प्लीज. दुकानात विचारलं तर ज्याच्याकडं जो माल आहे तोच बेस्ट म्हणून सांगतोय.

गाडी दीडशे सीसी, 2018 चं मॉडेल, म्हणजे लाईट कायम चालूवाली. बल्ब एचएस1, 35/35 वॅट, साधा हॅलोजन. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सेकंड शिफ्ट असते, सुटलो की राशिवड्याला घरी, कोल्हापूर मागं पडलं की राधानगरी रोडला बराचसा अंधारच. एरवी भागतं हो, पण कारखाने सुरू झाले की ऊस भरलेल्या डबल ट्रॉल्या रस्त्यानं चाललेल्या असतात नाहीतर पंक्चर होऊन कडेला उभ्या, मागं ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर, असला तरी चिखलानं माखलेला. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, आणि समोरून कुणी अप्पर मारत आला की माझ्या डिपरमध्ये पुढचं काहीच दिसत नाही, तेवढ्यात ट्रॉली आली तर संपलं. घरी दोन लहान पोरं आहेत, त्यामुळं हे काम मला यंदा करायचंच आहे.

आता पर्याय.

पहिला एलईडी बल्ब, आहे त्याच होल्डरमध्ये बसणारा. स्वस्त, करंट कमी ओढतो, दिसायला पांढराफेक. शेजारच्या मित्रानं टाकलाय, आम्ही त्याची आणि माझी गाडी शाळेच्या भिंतीसमोर लावून बघितली. माझ्या हॅलोजनच्या डिपरला भिंतीवर वरून सरळ कापल्यासारखी रेघ येते, त्याच्या एलईडीला रेघच नाही, निम्मा उजेड वर झाडाच्या फांद्यांत. कारण कळतं, हॅलोजन बल्ब हातात घेऊन बघा, डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची बारकी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते आणि रिफ्लेक्टर त्याच हिशोबानं बनवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नेमकी बसली नाही की सगळा उजेड विस्कटतो. समोरच्याच्या डोळ्यात जाणारी लाईट मला नकोच, ज्याचा मला त्रास होतोय तोच मी दुसऱ्याला कसा देऊ. शिवाय ओल्या डांबरावर ते पांढरं फार काही दाखवत नाही, आणि थंडीत भोगावतीकाठी धुकं पडलं की सगळं पांढरंच होतं.

दुसरा, एच4 60/55 हॅलोजन. कागदावर एचएस1 चा डिपर 525 ल्युमेन आणि एच4 चा 1000, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि कटऑफ (भिंतीवरची ती सरळ रेघ) पण राहतो. मला मनापासून हाच आवडलाय. पण बूड थोडं वेगळं असतं, खाच घासून बसवतात म्हणे, आणि वॅट वाढले की होल्डर, रिफ्लेक्टर तापणार. 100/90 चा तर विषयच नको.

इथंच खरी अडचण आहे. माझी लाईट सिग्नलला थांबलो की मंद होते आणि रेस दिली की वाढते, म्हणजे ती बॅटरीवर नाही, थेट इंजिनात वीज बनवणाऱ्या कॉईलवर, एसीवर चालते, बरोबर ना? मग रिले (लाईटचा करंट हँडलच्या स्विचमधून न नेता सोडणारा डबीसारखा स्विच) टाकून बॅटरीवरून जाड वायर ओढायची तर आधी डीसी कन्व्हर्जन, म्हणजे लाईट बॅटरीवर घेणं आलंच. रिलेचा फायदा मला पटलाय, कारण हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाला तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि आपल्या गाड्यांच्या बारीक वायरी आणि स्विचमधून जाताना तो पडतोच. पण चार्जिंग तेवढंच राहिलं आणि 60 वॅट सतत ओढले तर बॅटरी बसणार का?

तिसरा, लेगगार्डला खाली दोन छोटे पिवळे फॉग, सरळ कटऑफवाले, स्वतंत्र स्विच. स्पॉट नको, पसरट पाहिजेत, म्हणजे रस्त्याची डावी कड दिसेल, कारण ट्रॉली तिथंच उभी असते. आरटीओवाले धरतात का हे पण सांगा.

हेडलाईटची काच पॉलिश करून झाली, हेल्मेटची चरे पडलेली व्हायझर बदलली, त्यानं चकाकी बरीच कमी झाली, ज्यांनी केलं नाही त्यांनी आधी तेवढं करा. मिसेस मागं बसल्या की लाईट वर उचलली जाते म्हणून सेटिंग त्यांना बसवूनच केलंय.

बजेट 3000 पर्यंत. दीडशे सीसीला डीसी करून एच4 किंवा फॉग ज्यांनी वर्षभर तरी वापरलेत त्यांनी बॅटरी कशी टिकली ते सांगा, आणि कोल्हापुरात मूळ वायरिंग न कापता कपलर लावून काम करणारा इलेक्ट्रिशियन कुणाच्या माहितीत असेल तर मेसेज करा. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत उरकायचंय.