सेकंडहँड गाडी आणि तिच्यावरचं दुसऱ्याचं कर्ज : तुमचेही अनुभव लिहा

पार्किंग नं. १७

आज सकाळी दूध आणायला उतरलो तर गेटपाशी दोन पोरं मोबाइलमध्ये बघत एकेक नंबरप्लेट वाचत होती. वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय? तर म्हणे "असंच". त्या "असंच"ने माझ्या पोटात गोळा आला. आज माझ्या गाडीवर एक रुपयाचं कर्ज नाही, तरी.

२०११ साल. लेक पहिलीत, स्कूटरवर तिघं मावेनात. ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याची सँट्रो होती, २००८ची, बारा पासिंग (एमएच १२, पुण्याची). २ लाख १० हजारांत ठरली. आरसीची (गाडीच्या नोंदणीपत्राची) झेरॉक्स दाखवली, ओरिजिनल "गावच्या कपाटात". गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, तारखेची जागा कोरी. नावावर करायचं काढलं की पुढचा आठवडा. रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्याचा मेहुणा, संशय तरी कसा घ्यायचा?

चार महिन्यांनी, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जागेवर नाही. चोरीची तक्रार द्यायला चौकीत गेलो. हवालदारांनी नंबर लिहून घेतला, आत जाऊन आले आणि म्हणाले, "चोरी नाही साहेब. फायनान्सवाल्यांनी ओढलीय, रात्रीच कळवून गेलेत." नगर रोडच्या एका यार्डात सापडली, धूळ खात रांगेत उभी. तिथल्या माणसाला म्हटलं, ही माझी गाडी. त्याने रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

मला सांगता येईना. आरसीवर मेहुणा, कर्जखात्यावर मेहुणा, विम्यावर मेहुणा. माझ्याकडे फक्त किल्ली.

पाच हप्ते थकलेले, एकूण बाकी ८८ हजार. मेहुण्याचा फोन बंद. शेवटी त्याचे वडील ५० हजार घेऊन आले. निवृत्त शिक्षक, चहाही घेतला नाही, माझ्याकडे बघतही नव्हते. उरलेले मी भरले, वर यार्डाचं भाडं.

ती झेरॉक्स अजून आहे माझ्याकडे. एचपीएची, म्हणजे गाडी कर्जावर असल्याची, नोंद असते त्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवून काढलेली. उजेडात धरली की पट्टीच्या कडेची बारीक रेघ दिसते. तेव्हा दिसली नाही.

लिहा तुमचं.

सांजवात

बाई गं. डॅशबोर्डवरचे बाप्पा मिळाले का परत?

पार्किंग नं. १७

बाप्पा मिळाले, लेकीची पाण्याची बाटली मिळाली. छत्री नाही मिळाली. लांब दांड्याची होती, सासऱ्यांनी दिलेली.

चहाटळ

छत्री व्याजात वळती केली असणार.

रस्सा पांढरा

आमच्या दाजींची तऱ्हाच न्यारी. मारुती ओम्नी घेतली, पैसे रोख, मालक सज्जन, कर्ज पण खरंच फिटलेलं. पावत्या फाइलला लावलेल्या. पण आरसीवर एचपी (तीच कर्जाची नोंद) एका पतसंस्थेची, आणि पतसंस्थेला टाळं! एनओसी (ना-हरकत दाखला) द्यायला संस्था जाग्यावर नाय. मग कळलं की अशा संस्थेवर अवसायक (बंद संस्थेचा कारभार आवरणारा) नेमलेला असतोय, सही त्याची चालतीय. तो कुठं बसतोय ते उपनिबंधक कार्यालयातनं शोधून काढलं. आठवड्यातनं दोनच दिवस यायचा, त्यात एक दिवस मीटिंग. पाच महिने गेले राव. तोवर ओम्नी मळ्यात उभी, कोंबड्या अंडी घालायच्या मागच्या शिटाखाली. दाजी म्हणायचे, व्याज तरी सुटतंय.

सांजवात

कोंबड्यांचं वाचून चहा सांडला ना हो माझा

घाट उतरताना

माझा उलटा अनुभव, मी विकणारी. बाबांची गाडी २०१४ मध्ये विकली. बाबांनी कर्ज २०१० लाच फेडलेलं, एनओसी पण आणलेली, आणि मग ती देवघराच्या खणात ठेवून दिली. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप निघतं असं वाटायचं त्यांना. निघत नाही. फॉर्म ३५ भरून आरटीओत द्यावा लागतो, बँकेची सही आणि आपली सही. चार वर्षांनी तो कागद नेला तर म्हणाले, मुदत संपली, बँकेकडून नवीन आणा. घेणाऱ्याला घाई, तो म्हणाला मी करतो ताई सगळं. केलं नाही. तीन वर्षं त्याचे सिग्नल तोडल्याचे चलन बाबांच्या मोबाइलवर. बाबा प्रत्येक मेसेज वहीत उतरवून ठेवायचे, तारीख वेळ चौक.

वहिवाट

@घाट उतरताना, चलनावर निभावलं हे नशीब समजा. अपघात झाला असता तर भरपाईसाठी आधी नोंदीतल्या मालकाकडे बोट जातं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल याच मुद्द्यावर आहे. गाडी हातोहात पुढे पुढे विकली गेली होती, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला. विकणाऱ्याने आरटीओला कळवायची मुदत त्याच राज्यात १४ दिवसांची आहे. आपल्याकडे १४ वर्षं समजतात. (कोर्टात आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, नंतर वाचतो बाकीचं.)

बंड्याची आई

वेळेवर आला हा धागा. आम्ही एक वॅगनआर बघतोय, चौदा पासिंग, २०१९. काका चांगले आहेत, बँकेचे दोनच हप्ते राहिलेत म्हणाले. शनिवारी विसार द्यायचाय २० हजार. देऊ ना?

कागदी घोडा

थांबा. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून फायनान्सरचं नाव बघा आधी. पण तिथे आकडा कळत नाही, फक्त बोजा आहे की नाही ते कळतं. आकड्यासाठी काकांना म्हणा बँकेतून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) काढा, आजच्या तारखेचं. बाकी रक्कम तुम्ही थेट कर्जखात्यात भरा, पावती तुमच्याकडे. उरलेले पैसे एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्यावर. काकांच्या खात्यात आधी काही टाकू नका, कितीही चांगले असोत.

पार्किंग नं. १७

मेहुणाही चांगलाच होता.

शिवारातून

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर "इतर हक्क" वाचल्याबिगर कागदाला हात लावत नाही, बांधावरच्या झाडाची पण चौकशी करतो. आणि चार लाखाची गाडी घेताना टायर लाथेनं दाबून बघतो अन् झालं. मी पण त्यातलाच. ट्रॅक्टर घेतला होता जुना, हेडवर (इंजिनाकडच्या भागावर) बोजा नव्हता पण ट्रॉलीवर निघाला. ते प्रकरण लांब आहे, नांगरट झाल्यावर लिहितो.

सिडकोकर

एक राहिलंच सगळ्यांचं. आरसी स्वच्छ असली तरी विम्याची पॉलिसी मागून घ्या. माझ्या वेळी ॲपवर काही नाही, आरसीवर काही नाही, पॉलिसीत मात्र हायपोथिकेशनच्या (गाडी तारण असल्याच्या) रकान्यात एका कंपनीचं नाव. विचारलं तर गृहस्थ गडबडले. मार्चमध्ये त्याच गाडीवर कर्ज काढलेलं, आरटीओत नोंद चढायचीच होती अजून. एप्रिलमध्ये मी घेत होतो. पॉलिसी मागितली नसती तर आज मी पण यार्डातच असतो.

चहाटळ

@सिडकोकर आणि छत्री?

सिडकोकर

रेनकोटवाला आहे मी

मुक्काम मेलबर्न

इकडे पीपीएसआर नावाचं सरकारी रजिस्टर आहे. २ डॉलर भरायचे, गाडीचा व्हिन नंबर (आपला चेसिस नंबर) टाकायचा, गाडीवर कुणाचा हक्क नोंदलाय का ते लगेच सर्टिफिकेटवर येतं. काही निघालं नाही आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गाडी घेतली तर नंतर कुणी ओढून नेऊ शकत नाही. इथे आल्या आल्या मला कौतुक वाटलं होतं. तरी आमच्या ग्रुपमधल्या एका हुशाराने २ डॉलर वाचवले. ४ हजारांची गाडी गेली. २ डॉलरमध्ये इथे चहासुद्धा येत नाही, वडापाव तर सोडाच. वडापाव खाऊन तीन वर्षं झाली.

रस्सा पांढरा

या की सुट्टीला, मिसळ खिलवतो. ओम्नीतनं आणतो स्टेशनवरनं.

माडाच्या सावलीत

आमच्या सावंतवाडीत अर्ध्या जुन्या गाड्या गोव्याच्या. कमी पैशात मिळतात म्हणून घेतात. माझ्या भावाने म्हापशाची आय-टेन घेतली, जीए ०३. महाराष्ट्रात चढवायची तर गोव्याच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. आणि बोजा असेल तर ती बँकेच्या होकाराशिवाय मिळत नाही. बँक म्हणते कर्जदार स्वतः आला पाहिजे. कर्जदार बोटीवर, कामाला! सहा महिन्यांनी उतरणार. आई म्हणाली, "गाडयेपेक्षा बोट घेतलंस असतंस तर बरां." शेवटी आला बिचारा, सही दिली, वर भेट म्हणून परदेशी चॉकलेटं. वाईट माणूस नव्हताच. इकडचा कर भरताना मात्र भावाचा चेहरा बघण्यासारखा होता.

गोदाकाठ

आरसीवर "स्टेट बँक ऑफ हैदराबाद". ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली, आमच्याकडे अजून हैदराबाद बँकच म्हणतात. घाबरत गेलो होतो, जुनं खातं सापडेल का म्हणून. मॅनेजर बाईंनी कर्ज बंद झाल्याची नोंद काढली, चार दिवसांत एनओसी. कुठली बँक कशात विलीन झाली तेवढं शोधून जा, बाकी काही नाही. एवढाच अनुभव, रडकथा नाही म्हणून लिहू की नको विचार करत होतो.

सांजवात

लिहा हो, असे पण हवेत

नाव सुचत नाही

आमच्या ह्यांच्या मित्राचं. गाडीचं कर्ज शेवटच्या पैशापर्यंत फेडलं. घेणाऱ्याला सोबत घेऊन बँकेत गेला एनओसीला, तर बँक म्हणते देणार नाही. का? तर त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड २०१६ पासून थकलंय. त्याला वाटत होतं कार्ड कापून टाकलं की संपलं. कात्रीने कापलं होतं, बायकोसमोर, मोठ्या तोऱ्यात. व्याज चढून ७० हजारांवर गेलेलं. घेणारा तिथूनच रिक्षा करून घरी गेला. कुकर झालाय, जाते.

फुकट फौजदार

निगडी-आकुर्डीत चांगला डेंटिंगवाला माहितेय का कुणाला? पुढचा बंपर.

कागदी घोडा

@फुकट फौजदार धाग्याचा विषय काय, तुमचं काय

फुकट फौजदार

बंपरवर पण कर्ज आहे असं समजा

शिवारातून

ट्रॉलीचं उद्या. मोटर जळाली.

बंड्याची आई

आलो आत्ता बँकेतून. काकांना फोरक्लोजर लेटरचं म्हटलं तर आधी जरा नाराज झाले, मग आले. हप्ते दोनच राहिलेत हे खरं निघालं. पण त्याच गाडीवर मुलीच्या लग्नात टॉप-अप (वरचं वाढीव कर्ज) घेतलेलं, त्याचे वेगळे. दोन्ही मिळून १ लाख ३४ हजार! काका म्हणतात, तुम्ही गाडीच्या कर्जाचं विचारलं, ते सांगितलं, टॉप-अप तर लग्नाचं. खोटं बोलत होते असं वाटलं नाही मला, खरंच दोन वेगळ्या गोष्टी समजत होते. अजून ठरत नाहीये. गाडी चांगली आहे हो. @कागदी घोडा, १ लाख ३४ थेट बँकेत आणि बाकी एनओसीनंतर, असंच करायचं ना? दोन्ही खात्यांची वेगवेगळी एनओसी लागेल का?

कागदी घोडा

दोन्ही बंद झाल्याचं पत्र घ्या, नाहीतर तो @नाव सुचत नाही यांचा कार्डवाला मित्र आठवा. काकांनी तयारी दाखवली तर घ्या गाडी. बँकेत आले ना सोबत? नव्वद टक्के लोक तिथेच फोन बंद करतात.

चहाटळ

@पार्किंग नं. १७ सकाळच्या त्या दोन पोरांचं काय झालं?

पार्किंग नं. १७

तेच लिहायला आलो. बी विंगसमोरची पांढरी स्विफ्ट जागेवर नाही. पहिल्या मजल्यावरचं नवीन जोडपं आहे, दिवाळीत घेतली होती सेकंडहँड, पेढे दिले होते सगळ्यांना. तो मुलगा रिकाम्या जागेपाशी किल्ली हातात घेऊन उभा आहे, पोलिसांना फोन लावतोय. बायको गॅलरीतून "सापडली का" विचारतेय.

खाली जातोय. त्याला घेऊन बसतो, ओरिजिनल आरसी कुणाकडे आहे ते आधी विचारतो.

सांजवात

जा जा. आणि गाडीत काय काय होतं त्याची यादी करून घ्या त्याच्याकडून.